बालाघाटचे कोरडे रान

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या सडकेवर सुलतानपूर लागते. चैत्रात या वाटेने जो जाईल त्याला दोहों बाजूंस नांगरून तापत पडलेली शेते दिसतात, बांधावर कडुलिंब आणि बाभळी, मधूनच एखादी जुनी चिंच, आणि त्यापलीकडे टेकड्यांच्या उघड्या पाठी. त्या पाठींवर मुरूम, दगड आणि वाळलेले कुसळीचे गवत यांवाचून काही नाही. परका प्रवासी म्हणतो, हा मुलूख मुळातच उजाड. गावातला वृद्ध म्हणतो, तसे नव्हे. पूर्वी येथे रान होते, पण पाऊस कमी झाला आणि रान गेले. शाळा शिकलेला त्याचा नातू म्हणतो, आजोबांनी गोष्ट उलटी धरली. रान तोडले म्हणून पाऊस गेला. तिघेही आपापल्या जागी ठाम असतात. या तीन मतांची तपासणी करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. दोष आभाळाचा ठरला तर आपल्याला कोणी जाब विचारणार नाही. दोष माणसाचा ठरला तर हिशेब काढणे भाग आहे.

इतिहास म्हटला की या भागातल्या माणसाला सिंदखेडचे जाधवराव आठवतात, १५९८ साली तेथे जन्मलेल्या जिजाऊ आठवतात, आणि ते योग्यच आहे. राजांच्या बखरी असतात, सनदा असतात, तवारिखा असतात. रानाची बखर कोणी लिहिली नाही. परंतु रानाचा पुरावा मागे राहतो; तो कागदावर नसतो इतकेच. आपल्या सुदैवाने असा पुरावा साठवून ठेवणारे एक दप्तरखाने आपल्याच तालुक्यात आहे, आणि ते म्हणजे लोणारचे तळे. त्याकडे आपण येऊच. आधी येथील हवापाण्याची ओळख करून घेऊ.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपण पिढ्यानपिढ्या मानीत आलो आहोत. अजिंठ्याच्या डोंगरओळीखालचा पूर्णेच्या खोऱ्यातला तो पायनघाट, आणि वरचे पठार तो बालाघाट. मेहकर, चिखली, लोणार, सुलतानपूर ही सारी बालाघाटात येतात. खाली काळ्या दगडाचे थर, त्यावर कोठे हातभर तर कोठे पुरुषभर माती. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेच ढग घाट ओलांडून इकडे येईपर्यंत बरेचसे रिकामे झालेले असतात. आपल्या वाट्याला सातशे ते आठशे मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने अठ्ठावीस ते बत्तीस इंच पाऊस येतो, आणि त्यातलाही काही भाग बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या वादळी पावसाचा असतो. हा पाऊस जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत उरकतो. उरलेले आठ महिने झाडाला जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढावे लागतात, आणि त्यातले शेवटचे तीन महिने तर पारा चाळीस अंशांवर खेळत असताना.

अशा हवेत जे रान वाढते त्याला वनशास्त्रात शुष्क पानझडी वन म्हणतात. हॅरी चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९३६ साली हिंदुस्थानातील वनांचे प्रकार ठरविले आणि १९६८ साली एस. के. सेठ यांच्यासह त्यांची फेरमांडणी केली. त्या वर्गवारीत आपले रान या प्रकारात बसते. पानझड म्हणजे झाडाची काटकसर आहे. पानांवाटे पाणी उडून जाते. तेव्हा साग, सलई, धावडा, मोहा, तेंदू ही झाडे आपापल्या वेळी पाने टाकून देतात आणि उन्हाळा उघड्या फांद्यांवर काढतात. शहरातला माणूस फाल्गुनात डोंगर पाहतो आणि रान मेले म्हणतो. मेलेले नसते, ते दार लावून बसलेले असते. त्याच सुमारास पळस, पांगारा आणि काटेसावर पानांशिवायच फुलतात.

सागाला पाण्याचा निचरा होणारी, थोडी खोल जमीन लागते. सलई मात्र निव्वळ दगडाच्या कपारीतही उभी राहते. धावडा उतार धरतो. भारी जमिनीत पळस, बाभूळ आणि हिवर. या झाडांचा माणसाशी संबंध जुना आहे: धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात, सलईचा धुपात, तेंदूचे पान विडीला, पळसाचे पान पत्रावळीला, मोहाचे फूल दुष्काळात पोटाला. आमचे असे मत आहे की कोणत्याही टेकडीवर आज काय उभे आहे यापेक्षा काय उभे नाही हे पाहावे. पळस आणि सलई यांचा पाला गुरे सहसा खात नाहीत; म्हणूनच चराईने झिजलेल्या माळावर हीच झाडे टिकून दिसतात. जे उरले ते गुरांनी नाकारलेले उरले.

येथे दूरच्या एका देशाचे उदाहरण उपयोगी पडेल. कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. समुद्रालगत त्याचाही एक सह्याद्री आहे. किनाऱ्याकडे धो धो पाऊस आणि डोंगरामागे कोरडा प्रदेश. त्या डोंगरामागच्या मुलखात वर्षाला सुमारे तीनशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा बर्फाच्या रूपाने. तेथे डग्लस फर नावाचे सूचिपर्णी झाड मुख्य आहे. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकावरून ते नाव पडले. व्लादिमिर क्रायिना हे मूळचे चेकोस्लोव्हाकियातले वनस्पतिशास्त्रज्ञ. १९४८ साली देश सोडून ते त्या प्रांतात गेले आणि तेथील विद्यापीठात पुढील दोन दशके काम करून त्यांनी सगळ्या प्रांताचे पट्टे पाडले. त्यांची युक्ती साधी होती. एखाद्या ठिकाणी आज काय दिसते ते बाजूला ठेवावे. तेथील हवेत, मोडतोड न होता, शेवटी कोणते झाड वरचढ होईल ते ठरवावे, आणि त्या झाडाचे नाव पट्ट्याला द्यावे. म्हणजे नाव वाचताच त्या जागेची हवा कळते. त्या कोरड्या फरच्या रानात पूर्वी लहान लहान आगी वारंवार लागत, काही तेथील आदिवासी मुद्दाम लावीत. जाड सालीची मोठी झाडे त्यातून वाचत आणि रान मोकळे राही. विसाव्या शतकात सरकारने आगी विझविण्याचा सपाटा लावला, तेव्हा कोवळ्या झाडांची गर्दी झाली आणि पुढे लागलेल्या आगी आवरेनाशा झाल्या. रान राखण्याच्या हेतूनेही रान बिघडते याचा हा दाखला.

क्रायिनांचा प्रश्न आपण आपल्या माळाला विचारू. सुलतानपूरभोवतीच्या हवेत, मोडतोड झाली नाही तर, काय वाढेल? उघडी टेकडी की रान? याचे उत्तर लोणारच्या विवरात मिळते.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरांच्या आसपास खोल आहे. आकाशातून पडलेल्या दगडाच्या आघाताने ते झाले. त्याचे वय पूर्वी बावन्न हजार वर्षे मानीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते सुमारे पावणेसहा लाख वर्षे ठरविले. लवणासुराच्या कथेने या तळ्याच्या खारटपणाचा उलगडा जुन्या लोकांनी आपल्या परीने केलाच होता. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की या तळ्यात पाणी येते ते पावसाचे, काठावरच्या ओहोळांचे आणि धारेसारख्या झऱ्यांचे, आणि बाहेर जाण्यास पृष्ठभागावर एकही वाट नाही. जे आत पडले ते तळाशी राहिले: धूळ, पाने, पराग, क्षार. वर्षांवर वर्षांचे थर साचले.

२००८ साली जर्मन आणि भारतीय संशोधकांनी तळ्याच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दांडा नळीने वर काढला. त्यात अकरा हजारांहून अधिक वर्षांची नोंद निघाली. ही नोंद वाचतात कशी, तेही सांगितले पाहिजे. पानांवर मेणाचा सूक्ष्म लेप असतो आणि तो गाळात हजारो वर्षे टिकतो. झाडे-झुडपे आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते हवेतील कार्बन निरनिराळ्या रीतीने पकडतात. त्यामुळे त्यांच्या मेणातील कार्बनाची खूण वेगळी असते. कोणत्या थरात कोणती खूण जास्त ते मोजले की त्या काळी झाडी दाट होती की गवत माजले होते ते कळते. दुसरी खूण गेलुसाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकांची. तळे आटून पाणी फार खारे झाले की हे स्फटिक बनतात. जेथे स्फटिक, तेथे दीर्घ अवर्षण.

या वाचनातून जे निघाले ते वृद्ध गृहस्थांच्या बाजूचे आहे, पण त्यांच्या कल्पनेपेक्षा फार जुने. सुमारे अकरा ते सहा हजार वर्षांपूर्वीच्या काळात येथे पाऊस आजच्यापेक्षा चांगला होता आणि झाडी दाट होती. त्यानंतर हवा हळूहळू कोरडी होत गेली, झाडे विरळ झाली आणि गवत वाढले. त्यात दोन लांबलचक कोरडे काळ आले: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. याला दुसरीकडूनही दुजोरा मिळाला आहे. गोदावरीच्या मुखाजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही देश पायरीपायरीने कोरडा होत गेल्याचे दिसते. मेहकरवरून वाहणारी पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. तेव्हा समुद्रातल्या त्या चिखलात आपल्या बालाघाटच्या पानांचाही अंश असणारच.

पहिले मोठे अवर्षण सरत असताना महाराष्ट्रात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची खेडी पसरली. दुसऱ्या कोरड्या काळाची गोष्ट तर याहून विचार करण्याजोगी. त्याच शतकांत आपल्याकडे चालुक्य आणि यादव यांची राज्ये बहरली, लोणारला दैत्यसूदनाचे देऊळ उभे राहिले, विवराच्या आत काठाकाठाने देवळे झाली. पाऊस कमी, आणि तरी इतकी संपन्नता. याचा अर्थ लोक कमी पावसात राहण्याची कला जाणत होते असा आम्ही घेतो. देवळाशेजारी कुंड, गावाशेजारी तळे, हा त्या काळचा शिरस्ताच दिसतो. सिंदखेडचे मोती तलाव आणि चांदणी तलाव नंतरच्या काळातले, पण तीच परंपरा.

अकबराच्या काळी अबुल फजलाने आईन-इ-अकबरी लिहिली. तीत वऱ्हाड सुभ्यातील मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात आणि त्यावर सरकारला चांगले उत्पन्न होते, असे तो लिहितो. वसुलीच्या नोंदीत खार आला, रान आले नाही. ज्यावर सरकारला पैसा मिळत नाही ते कागदावर येत नाही, हा नियम आजही फारसा बदललेला नाही.

मग रान कागदावर आले केव्हा? त्यावर पैसा मिळू लागला तेव्हा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर गेले. पायनघाटातून आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली. जलंबहून खामगावच्या कापूसबाजाराला फाटा गेला तो १८७० साली. या दहा वर्षांत जे घडले ते त्यापूर्वीच्या हजार वर्षांत घडले नसेल. ज्या माळावर गुरे चरत तो नांगराखाली आला. चराई उरली ती टेकड्यांवर, आणि तिकडे गुरांची दाटी झाली. रूळाखाली घालण्यास लाकूड हवे, इंजिनाला जळण हवे, जिनिंगच्या बॉयलरला जळण हवे, वाढत्या गावांना चुलीला हवे.

सरकारला रानाचा मोह आणि धाक दोन्ही एकदमच वाटले. १८६४ साली जंगलखाते निघाले. १८७८ साली हिंदुस्थानासाठी जंगलाचा मोठा कायदा झाला, आणि वऱ्हाडासाठी निराळा कायदा १८८६ साली आला. वऱ्हाडातील सरकारी रानाचे तीन वर्ग पाडले: इमारती लाकडाचे व जळणाचे राखीव रान, गवतासाठी राखलेले रमणे, आणि चराईची कुरणे. गावाच्या वहिवाटीचे रान आता परवान्याचे रान झाले. नाकेदार, दंड, चराईची फी, रमण्याचा लिलाव हे शब्द खेड्यात शिरले ते तेव्हा. या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले असे आम्हांला वाटते, आणि दोन्ही खरे आहेत. एक, जे काही डोंगरावर आज शिल्लक आहे ते बहुतांशी त्या राखणीमुळे शिल्लक आहे. दोन, रान आपले आहे ही गावाची भावना त्याच राखणीने मारली. आणि जे आपले नाही ते रात्री तोडण्यात कोणाला संकोच उरला नाही.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा ताळेबंद उघडा केला. पाऊस चुकला हे खरेच. परंतु पाऊस यापूर्वीही चुकत असे. या वेळी माळ नांगरलेले होते, पेवांतील ज्वारीची जागा कापसाच्या पैशाने घेतली होती आणि रानातील कंदमुळे, मोहफुले व चारा यांचा आधार आटला होता. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ४ लाख ८१ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ४ लाख २४ हजार भरली. दहा वर्षांत शंभरांतील बारा माणसे कमी झाली. मेलेले किती आणि परागंदा झालेले किती हा भेद त्या आकड्यात नाही. आणि गुरे? ती तर माणसांच्या आधी गेली.

आता नातवाचे म्हणणे. रान तोडल्याने पाऊस गेला काय? देशाच्या मोसमी पावसाच्या १८७१ पासूनच्या नोंदी हाताशी आहेत. त्यांत वर्षावर्षाचे चढउतार जबरदस्त आहेत, ओल्या-कोरड्या दशकांची आवर्तने आहेत, पण रान घटत गेले तसा सरळ खाली उतरत गेलेला पाऊस दिसत नाही. आपल्याकडे येणारा पाऊस मुख्यतः दूरच्या समुद्रावरून येतो. रान गेल्याने गेले ते पडलेले पाणी धरून ठेवण्याचे सामर्थ्य. झाडाखाली पालापाचोळा असतो, मुळांनी माती भुसभुशीत असते, पाणी मुरते आणि पौषापर्यंत ओढ्यात पाझरत राहते. उघड्या मुरमावर तेच पाणी तासाभरात गढूळ होऊन वाहून जाते, सोबत माती नेते, आणि पुढच्या वर्षी तितकाच पाऊस पडूनही विहीर आधी तळ दाखविते. शेतकरी विहिरीकडे पाहतो आणि म्हणतो, पाऊस कमी झाला. विहिरीपुरते त्याचे खरेच असते. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात नालाबांधावर आणि पाझरतलावांवर राबले. रानाने जे काम फुकट केले असते तेच माणसांना मजुरी देऊन करावे लागले.

या सर्व विवेचनाला साक्षीदार हवा असेल तर पुन्हा विवराकडे चला. काठावर उभे राहून बाहेर पाहिले तर तेच पठार, तीच शेते. आत पाहिले तर उतारावर साग व त्याच्या जोडीची पानझडी झाडी, खाली धारेच्या ओलाव्याला गर्द हिरवळ. जुन्या इंग्रजी वर्णनांत तळ्याभोवती शिंदी, चिंचा आणि बाभळी यांचे एकात एक असे पट्टे सांगितले आहेत. पाऊस आत आणि बाहेर एकच, आभाळ एकच. फरक इतकाच की उतार नांगराला चढण्यासारखा नव्हता आणि देवस्थानांमुळे त्याला थोडे अभय मिळाले. विवर काही अस्पर्श राहिले असे मात्र कोणी समजू नये. आत केळी-पपईचे मळे होते, शेळ्या होत्या, मोळ्या निघत. तरीही रान टिकले. परक्या प्रवाशाचे मत येथे मोडते: या हवेत रान वाढते. वृद्धांचे मतही निम्मे मोडते: हवा कोरडी झाली हे खरे, पण टेकडी उघडी करण्याइतकी नव्हे.

२००० साली लोणारला अभयारण्य झाले. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी खारसोशी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी गर्दी केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर करारातील पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्या गुलाबी पाण्याइतके लक्ष काठच्या वेड्या बाभळीकडे गेले असते तर बरे झाले असते. ही अमेरिकेकडची बाभूळ एकोणिसाव्या शतकात उजाड जमिनी झाकण्यासाठी या देशात आणली गेली. तिने उजाड जमिनी झाकल्या, आणि मग न विचारता पुढेही सरकली. लोणारला तळ्याभोवतीचा पट्टाच तिने बळकावला. अलीकडे ती काढण्याचे काम झाले आहे, परंतु तोडलेल्या खोडाला ती पुन्हा धुमारे फोडते.

बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्याची स्थापना १९९७ सालची. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. ९,६६१ चौरस किलोमीटरांच्या जिल्ह्यात हे काही फार नव्हे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओचा पट्टा असलेला, शेते, ओढे आणि सडका ओलांडीत तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकला आणि डिसेंबरात ज्ञानगंगेत येऊन राहिला. ओढ्याकाठची झुडपे आणि टेकड्यांवरचे रानाचे तुकडे अजून इतके तरी जोडलेले आहेत, हे त्याच्या पट्ट्याने नकाशावर दाखवून दिले. काही महिने तो तेथे एकटाच होता. वाघीण मात्र त्याला तेथे नव्हती.